खरखरीचं माहात्म्य

शास्त्रीय संगीताचे दर्दी सध्या काय ऐकताहेत हे जाणून घ्यायला गाणं कळावं लागत नाही. एक नियम ठाऊक असला की भागतं. ध्वनिमुद्रण जितकं कमी ऐकू येतं, तितकी त्याची प्रतिष्ठा जास्त. संगीतशास्त्राच्या कुठल्याही ग्रंथात हा नियम दिलेला नाही, पण दोन दर्दी एकत्र बसले की पाच मिनिटांत त्याचा पडताळा येतो. पहिला म्हणतो, ‘‘सध्या अमीर खाँसाहेबांचा मारवा लावलाय.’’ दुसरा विचारतो, ‘‘कुठला?’’ वरवर पाहता ही साधी चौकशी, पण तोंडी परीक्षा इथूनच सुरू होते. पहिल्याने भाबडेपणाने ‘‘तोच हो, एलपीवरचा’’ असं सांगितलं की तो नापास. १९६० साली निघालेली ती लाँग प्ले, एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी, गेली साठाहून अधिक वर्षं लोकांच्या संध्याकाळी आणि रात्री व्यापून बसली आहे. मारवा म्हणजे काय हे कित्येकांना तिच्यावरूनच कळलं. पण तिचा मोठाच दोष असा, की ती सगळ्यांकडे आहे आणि तिच्यातलं सगळं स्वच्छ ऐकू येतं. दुसरा समजुतीच्या सुरात म्हणतो, ‘‘तो छानच आहे. पण खाँसाहेबांचा खरा मारवा घरगुती बैठकीतला. आमच्याकडे आहे तो. आवाज जरा लांबून येतो.’’ हे शेवटचं वाक्य तक्रारीच्या सुरात कधीच येत नाही. लग्नाच्या बोलणीत ‘मुलगा परदेशात असतो’ हे ज्या सुरात सांगतात, तो हा सूर.

या नियमानुसार ध्वनिमुद्रणांची उतरंड लागते, आणि ती कुणी कुणाला शिकवावी लागत नाही. सगळ्यांत खाली कंपनीने काढलेलं, पैसे टाकले की मिळणारं आणि आता तर फोनवर फुकट वाजणारं गाणं. त्याच्या एक पायरी वर आकाशवाणीचं. त्यात निवेदिका रागाचं आणि तालाचं नाव सांगून मोकळी होते, त्यामुळे राग ओळखण्याचं श्रेय दर्दी माणसाला मिळत नाही, हे त्याचं वैगुण्य. त्याच्या वर महोत्सवातलं. पुण्यात १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सव चालू आहे, तेव्हा ‘त्या वर्षीचे अण्णा’ (म्हणजे भीमसेन जोशी) या तीन शब्दांवर पुष्कळ काही निभावून नेता येतं. त्याच्याही वर खासगी मैफल, म्हणजे कुणाच्या तरी दिवाणखान्यात पन्नास माणसांसमोर झालेलं गाणं. आणि खासगी मैफलीतही मूळ स्पुलापेक्षा स्पुलावरून कॅसेटवर, त्या कॅसेटवरून दुसऱ्या कॅसेटवर आणि तिच्यावरून संगणकात आलेली प्रत अधिक मानाची. दर नकलेगणिक गाणं थोडं मागे सरकतं आणि खरखर थोडी पुढे येते. पण त्याबरोबर परंपराही लांबते. ‘‘हे मला अमक्यांनी दिलं, त्यांना तमक्यांनी, आणि तमके त्या मैफलीला तंबोऱ्यावर होते’’ अशी वंशावळ सांगता आली की कॅसेटलाही घराणं प्राप्त होतं. गाणाऱ्याचं घराणं ग्वाल्हेर असो की किराणा, टेपेचं घराणं देणाऱ्यावर ठरतं.

अशी एक टेप जवळून ऐकण्यासारखी असते. ती गाण्यापासून सुरू होत नाही. आधी खट असा आवाज, मग कुणीतरी ‘‘चालू झालं का?’’ विचारतं, आणि त्याला ‘‘लाल दिवा लागलाय’’ असं उत्तर मिळतं. तंबोरे लागत असतात, ते लागतच राहतात. तबलजी हातोडी मारतो. यजमान उशिरा आलेल्यांना ‘‘या, या, पुढे या’’ म्हणतात, पण पुढे कुणी येत नाही. मायक्रोफोन कुणीतरी सोयीची जागा पाहून तबल्याशेजारी ठेवलेला असतो, त्यामुळे डग्गा माजघरात आल्यासारखा घुमतो आणि बुवा परसात गायल्यासारखे वाटतात. बुवांचा षड्ज लागतो, आणि त्याच क्षणी पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांना खोकला येतो. हे गृहस्थ महत्त्वाचे. पुढच्या दीड तासात ते गंधारावर खोकतात, निषादावर खोकतात, आणि बुवा समेवर आले की इतरांच्या आधी ‘‘क्या बात है!’’ म्हणतात. वर्षानुवर्षं ही टेप ऐकणाऱ्याला चिजेचे शब्द नीट सांगता येणार नाहीत, पण खोकला कुठल्या मात्रेवर येतो ते तो अचूक सांगेल. मग विलंबित संपून द्रुत सुरू होतं, बुवा रंगात येतात, एक लांबलचक तान घेऊन वरच्या षड्जाकडे निघतात आणि खट. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची पंचेचाळीस मिनिटांची एक बाजू संपलेली असते. दुसऱ्या बाजूला थेट टाळ्या. ती तान पुढे कुठे गेली यावर त्या टेपेच्या मालकांत अनेक वर्षं चर्चा चालू राहते. कॅसेटच्या पाठीवर निळ्या शाईत लिहिलेलं असतं: ‘बुवा. जैत कल्याण? किंवा भूपाचा प्रकार. ६८ किंवा ७१. पुसू नये.’

टेपेचे आणि यंत्राचे दोष पुढे गायकाच्या खात्यावर जमा होतात, ही या प्रकारातली सर्वांत मौजेची गोष्ट. बॅटरीवर चालणाऱ्या टेपरेकॉर्डरची बॅटरी मैफल संपता संपता उतरायला लागते. त्यामुळे ध्वनिमुद्रण होताना टेप हळू फिरते. तीच टेप नंतर ठरलेल्या वेगाने वाजवली की त्या भागातला सूर चढलेला आणि लय वाढलेली ऐकू येते. बॅटरी उतरते आणि ऐकणारा मान हलवून म्हणतो, ‘‘शेवटी शेवटी बुवा काय चढलेत बघा!’’ दुसरा चमत्कार साठवणीतला. स्पुलावर टेपेचे वेढे एकमेकांना चिकटून वर्षानुवर्षं पडून राहतात आणि एका वेढ्यातलं चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर पुसटसं उमटतं. अशी टेप लावली की जोरकस सुराच्या आधी, साधारण एका वेढ्याच्या अंतराने, त्याच सुराची सावली ऐकू येते. हा शुद्ध भौतिक परिणाम आहे, पण ‘पुढचा सूर बुवांच्या गळ्यात आधीपासून कसा नांदत असतो’ याचा दाखला म्हणून तो सहज खपतो. तिसरी भानगड वेगाची. सुरुवातीच्या काळातल्या सगळ्याच तबकड्या मिनिटाला नेमक्या ७८ फेऱ्यांनी कापलेल्या नव्हत्या. काही हळू फिरत, काही जलद. त्यामुळे जुन्या तबकडीतल्या खाँसाहेबांची पट्टी काळी एक की पांढरी दोन, यावर दोन जाणकारांची बोलाचाल बंद होऊ शकते. दोघांचा वाद खाँसाहेबांच्या आवाजाबद्दल असतो, आणि तो आवाज दोघांनीही आपापल्या यंत्राच्या वेगाने ऐकलेला असतो.

हा खरखरीचा मान कानांमुळे मिळतो असं कुणाला वाटेल, म्हणून थोडा इतिहास पाहावा लागतो. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गैसबर्ग नावाचा तंत्रज्ञ ग्रामोफोन कंपनीतर्फे कलकत्त्याला आला आणि हॉटेलच्या खोलीत कर्णा मांडून त्याने गौहरजानचं गाणं मुद्रित केलं. मायक्रोफोन अजून यायचा होता. कर्ण्यात तोंड घालून, एका पट्टीत जोर लावून गायचं, तीन मिनिटांत आटपायचं आणि शेवटी आपलं नाव मोठ्याने सांगायचं. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला बनायच्या. तिथल्या कारागिरांना कुणाचं गाणं हे कळावं म्हणून ही नाव सांगण्याची पद्धत पडली असं सांगतात. बडा ख्याल फुलवायला तास लागणाऱ्या मंडळींना हा सगळा प्रकार पोरखेळ वाटला तर नवल नव्हतं. अनेक बुजुर्ग या यंत्रापासून चार हात दूर राहिले. ज्यांनी तबकड्या दिल्या त्यांच्याबद्दल ‘खरं गाणं तबकडीत नाही’ असं बोललं जाई. पुढे लाँग प्ले आली तेव्हा ७८ च्या तबकड्या रद्दीच्या भावाने चोरबाजारात आणि जुन्या बाजारात गेल्या. कॅसेट आली तेव्हा लाँग प्ले माळ्यावर गेली. सीडी आली तेव्हा कॅसेटी खोक्यात गेल्या. आता गाणं फोनमध्ये आलं, तर तरुण मंडळी दामदुप्पट मोजून लाँग प्ले विकत घेताहेत आणि ७८ ची तबकडी दोन्ही हातांनी, श्वास रोखून उचलली जाते. या शंभर-सव्वाशे वर्षांत खाचेतला सूर होता तसाच राहिला. बदलली ती त्याची दुर्मिळता, आणि तिच्याबरोबर त्याची किंमत. वस्तू तीच असताना मान बदलत असेल, तर मान वस्तूतल्या संगीताला मिळतो असं म्हणणं अवघड आहे.

आणखी एक पुरावा ताजा आहे. आता संगणकावर जुन्या ध्वनिमुद्रणातली खरखर काढून टाकता येते. कुणी कष्टाळू माणूस एखादी जुनी मैफल घेतो, टिकटिक काढतो, गुंजन काढतो, वेग दुरुस्त करतो आणि बुवांना परसातून दिवाणखान्यात आणून बसवतो. त्याला शाबासकी मिळावी की नाही? तर जाणकार कपाळाला आठ्या घालतात आणि म्हणतात, ‘‘स्वच्छ झालं खरं, पण त्यातली जान गेली.’’ जास्तीची सफाई केली तर आवाजाचा पोत खरोखरच जातो, हे मान्य. पण जान गेल्याचा निकाल पुष्कळदा ऐकण्याआधी लागलेला असतो. ‘साफ केलेलं आहे’ एवढं सांगितलं की पुरे. खोकणाऱ्या गृहस्थांचा खोकला काढून टाकला तर या मंडळींना पोरकं वाटेल.

यावर पहिला आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळून चालणार नाही. मैफलीतलं गाणं खरोखरच वेगळं असतं. आपलं संगीत लिहून ठेवलेलं नाही. बंदिश म्हणजे दोन-चार ओळी, बाकीचं त्या संध्याकाळी घडतं. तीन मिनिटांच्या तबकडीत राग सांगता येतो, मांडता येत नाही. लाँग प्लेच्या एका बाजूची वीस-बावीस मिनिटं झाली तरी झुमऱ्यातलं विलंबित जेमतेम बैठक जमवतं, तोवर सुई आत पोचते. कुमार गंधर्व किंवा मल्लिकार्जुन मन्सूर समोरच्या माणसांकडे पाहून जे करत, ते काचेपलीकडच्या तंत्रज्ञाकडे पाहून होणं शक्य नव्हतं. मन्सूरांनी घरात ठेवणीतले राग काढावेत आणि ओळखीचे चेहरे पाहून ते उलगडत न्यावेत, यासाठी मैफलच लागते. हे सगळं खरं. पण या आक्षेपाने अर्धीच गोष्ट उलगडते. लांबी आणि मोकळेपणा हीच कसोटी असती, तर मुंबईच्या एनसीपीएसारख्या संस्थेने १९६९ पासून जमवलेलं, निवांत गायलेलं आणि नीट मुद्रित झालेलं गाणं उतरंडीत सगळ्यांत वर असायला हवं होतं. ते तसं नाही. ते ऐकून दर्दी ‘उत्तम आहे’ म्हणतो, आणि विषय बदलतो. मैफलीचं, लांबलचक आणि शिवाय स्पष्ट असं गाणं त्याला मिळालं तर तो आधी गोंधळतो. हे आपल्यालाच कसं मिळालं, अशी शंका त्याला येते, आणि लगेच दुसरी शंका येते की हे आणखी कुणाकुणाला मिळालं असेल.

मग हा निव्वळ मिरवण्याचा सोस आहे का? तसं म्हणणं सोपं आहे, आणि अन्यायाचंही. खरखरीला एक खरा गुण आहे: ती ऐकणाऱ्याला कामाला लावते. स्वच्छ ध्वनिमुद्रण समोर चालू असताना माणूस वर्तमानपत्र वाचू शकतो, डाळ निवडू शकतो. अस्पष्ट टेप लावली की त्याला पुढे वाकावं लागतं, पंखा बंद करावा लागतो, घरच्यांना गप्प करावं लागतं. न ऐकू आलेली श्रुती तो मनाने भरतो, तुटलेली तान स्वतः पुरी करतो. म्हणजे निम्मं गाणं बुवांचं आणि निम्मं त्याचं. अशा गाण्यावर जीव जडणं साहजिक आहे. स्वतःचं गाणं कुणाला आवडत नाही? शिवाय स्वच्छ ध्वनिमुद्रणात सूर किंचित ढळला तर तो ढळलेलाच ऐकू येतो आणि दोष गायकाचा ठरतो. खरखरीत तो ढळलेला की लागलेला, ते कळत नाही. आणि जे कळत नाही ते भक्त नेहमी देवाच्या बाजूने धरतो. त्यामुळे खराब टेपेतला गायक कधीही बेसूर होत नाही. खोकला, पेल्यांचा आवाज, यजमानांचं ‘‘या, या’’ हे सगळं पुराव्यासारखं काम करतं: ही संध्याकाळ घडली, ही माणसं होती, हे गाणं कुणी जोडून-सांधून बनवलेलं नाही. एकदाच घडणाऱ्या कलेच्या प्रेमिकाला असा पुरावा हवासा वाटला, तर त्यात हसण्यासारखं फारसं नाही.

हसू येतं ते नियमाला त्याच्या टोकापर्यंत नेल्यावर. अस्पष्टतेबरोबर प्रतिष्ठा वाढत जात असेल, तर सर्वश्रेष्ठ ध्वनिमुद्रण ते, जे मुळीच ऐकू येत नाही. आणि खरोखर तसंच आहे. उतरंडीच्या शिखरावर बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर, अल्लादिया खाँ आणि भास्करबुवा बखले आहेत. यांच्या गायकीची एकही तबकडी आज ऐकायला मिळत नाही. इचलकरंजीकरबुवा १९२६ साली गेले, भास्करबुवा १९२२ साली, तेव्हा त्यांच्याबद्दल काळाला दोष देता येईल. पण अल्लादिया खाँसाहेब १९४६ पर्यंत होते आणि तोवर तबकड्यांचा धंदा चांगला चाळिशी ओलांडून गेला होता. त्यांच्या गायकीचा अंदाज शिष्या केसरबाई आणि मोगूबाई यांच्यावरून बांधायचा, भास्करबुवांचा शिष्य बालगंधर्व आणि मास्तर कृष्णराव यांच्यावरून. या अंदाजाला कोणाची हरकत येऊ शकत नाही, कारण तपासायला काहीच नाही. ‘‘भास्करबुवांची सर कुणाला नाही’’ असं आज ठामपणे म्हणणाऱ्याच्या आजोबांनीही भास्करबुवा ऐकलेले असतील की नाही शंका. पण या विधानावर चकार शब्द निघत नाही. भास्करबुवा थोर होते याबद्दल त्यांच्या समकालीनांची साक्ष भरपूर आहे. मुद्दा त्यांच्या थोरवीचा नाही. त्यांची एक तबकडी उद्या सापडली, तर आठ दिवसांत ‘पण त्या दिवशी बुवांचा आवाज बसला होता’ असं म्हणणारा कुणीतरी निघेल, हा मुद्दा आहे.

याउलट, सगळ्यांत मोठी कामं केली आहेत ती उतरंडीच्या तळाशी असलेल्या, दुकानात विकत मिळणाऱ्या, तीन मिनिटांच्या तबकड्यांनी. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी अशाच एका तबकडीवर होती. ती कानी पडली आणि धारवाड भागातला एक शाळकरी मुलगा ‘मला असं गायचंय’ म्हणून गुरूच्या शोधात घर सोडून गेला. पुढे त्याला भीमसेन जोशी म्हणून सगळ्यांनी ओळखलं. ती तबकडी दुर्मिळ असती, कुणाच्या कपाटात कुलपात असती आणि ‘ऐकायला या कधीतरी’ असं आश्वासन देऊन टाळली गेली असती, तर त्या मुलाने शाळा पुरी केली असती आणि त्याचे गुरू सवाई गंधर्व यांच्या नावाने महोत्सव कुणी भरवला असता, सांगता येत नाही. दुसरं उदाहरण गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांचं. ध्वनिमुद्रणाशी त्यांचं कधी फारसं सख्य नव्हतं. आपलं गाणं कुणी, कुठे आणि कसं ऐकावं याबद्दल त्या भलत्याच करारी होत्या. तरी त्यांच्या साडेतीन मिनिटांच्या भैरवीची तबकडी निघाली, आणि १९७७ साली व्हॉयेजर यानांवर पाठवलेल्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत ती भैरवी निवडली गेली. व्हॉयेजर १ ने २०१२ साली सूर्याच्या प्रभावाचं क्षेत्र ओलांडलं. एवढ्या लांबवर कुठलीही खासगी मैफल अजून गेलेली नाही. निवड करणाऱ्यांना भैरवीची याहून अस्पष्ट प्रत उपलब्ध आहे हे कुणी सांगितलं नसावं.

इथे संग्राहकांची बाजू घेऊन दुसरा आक्षेप येईल, आणि तो पहिल्यापेक्षा वजनदार आहे: या वेड्यांनी जपलं म्हणून तर आज ऐकायला काही आहे. हे शंभर टक्के खरं. कंपन्यांनी साचे जपले ते विक्रीच्या हिशेबाने, आणि विक्री संपली की जपणूकही संपली. मुंबईत १९९० साली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स स्थापन झाली, मायकेल किनियर यांच्यासारख्या ऑस्ट्रेलियन माणसाने भारतातल्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांची तबकडीवार सूची केली, आणि या सगळ्याला कच्चा माल पुरवला तो माळ्यावर, पलंगाखाली आणि बायकोच्या रागाच्या छायेत जपलेल्या संग्रहांनी. दुर्मिळतेची हाव नसती, तर हे संग्रह झाले नसते. अहंकाराने जेवढं संगीत वाचवलं तेवढं सद्बुद्धीने वाचवलं असेल असं वाटत नाही. पण ज्या हावेने टेप घरात आली, त्याच हावेने ती घराबाहेर पडत नाही, ही खरी अडचण. स्पुलाला कोकणातली आणि मुंबईतली हवा मानवत नाही. चार पावसाळ्यांत बुरशी येते, टेपेवरचा चुंबकी लेप सुटतो, आणि ती वाजवायचं यंत्र दुरुस्त करणारा कारागीर निवृत्त होतो. मालक कुलपाची किल्ली सांभाळतो. कुलपाच्या आत बुवा भुकटी होतात. आणि एक दिवस मालकही जातो, मुलगा घर आवरायला काढतो आणि ‘पुसू नये’ असं निळ्या शाईत लिहिलेलं खोकं भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढतं. नियमानुसार त्या टेपेला तेव्हा सर्वोच्च प्रतिष्ठा मिळालेली असते, कारण आता ती कुणालाच ऐकू येणार नसते.

संगणकाच्या काळात हाव नवं रूप घेऊन आली आहे. आता कुलूप लावायचं नाही, साठवायचं. दर्दी माणसाच्या खिशात मावणाऱ्या १ टेराबाइटच्या डिस्कमध्ये साध्या प्रतीची, १२८ केबीपीएसची ध्वनिमुद्रणं भरली तर सुमारे १७,००० तासांचं गाणं बसतं. रोज २ तास, एकही दिवस न चुकता ऐकलं, तर ते संपायला जवळजवळ २४ वर्षं लागतील, आणि यात एखादी चीज आवडली म्हणून पुन्हा ऐकण्याची सोय धरलेली नाही. साठी उलटलेल्या माणसाने अशी दुसरी डिस्क विकत घेणं हा पुनर्जन्मावरचा विश्वास आहे. ‘सध्या काय ऐकताय?’ याला अशा माणसाचं खरं उत्तर ‘सध्या उतरवून घेतोय’ एवढंच असतं. पूर्वी गाणं मिळवायला गावोगाव फिरावं लागे, मिनतवाऱ्या कराव्या लागत, म्हणून मिळालेली एक टेप शंभर वेळा ऐकली जाई. आज शंभर मैफली एका रात्रीत मिळतात आणि त्यातली एकही पूर्ण ऐकायला सवड होत नाही. विलंबिताची पाच मिनिटं, मधली एखादी तान, शेवटची सम, की पुढचं गाणं. तीन मिनिटांच्या तबकडीला नावं ठेवणाऱ्यांनी दीड तासाची मैफल पुन्हा तीन मिनिटांवर आणून ठेवली आहे, आणि या वेळी गैसबर्गचा काही दोष नाही.

तेव्हा उपाय हवा तो अहंकाराला हात न लावणारा. कारण अहंकार गेला तर संग्रह जाईल आणि संग्रह गेला तर गाणं. सुदैवाने संगणकाच्या नकलेत एक सोय आहे जी कॅसेटच्या नकलेत नव्हती: मूळ फाइलीला धक्का लागत नाही आणि दर नकलेगणिक खरखर वाढत नाही. म्हणजे संग्राहकाला मूळ स्पूल आपल्या कपाटात ठेवून तिची प्रत एखाद्या संग्रहालयाला, संगीत विभागाला, शेजारच्या गाणं शिकणाऱ्या मुलीला देता येते. त्याची मिजास कमी न होता वाढते. पूर्वी तो ‘ही टेप फक्त माझ्याकडे आहे’ म्हणायचा. आता ‘सगळ्यांकडे आहे ती माझ्याकडूनच गेली’ म्हणू शकतो. पहिल्या वाक्यावर विश्वास ठेवावा लागत होता, दुसरं कुणालाही तपासून पाहता येतं. वर त्याला असंही म्हणण्याची मुभा राहते, की तुमच्याकडची प्रत बरी आहे, पण मूळ स्पुलातला खोकला काही औरच. आणि ज्यांना एवढ्यानेही समाधान नाही, जे इतरांना मिळालेलं गाणं ऐकूच शकत नाहीत, त्यांच्यासाठी भास्करबुवा आहेतच. त्यांची नक्कल अजून कुणाला मारता आलेली नाही.